टरफल

खाटा सहा. पाच कोऱ्या.
पहिल्याला एकट्यालाच टोचायचं, मग थांबायचं, असा नियम.
बांबोळीला तिसऱ्या मजल्यावर
सुकडो मळीक, वय चौतीस, राहणार झर्मे, सत्तरी,
पाय खाली सोडून बसला होता.
चादरीला माती लागेल, म्हणाला.
पायांना माती नव्हती.

त्याची मावशी माकडतापाने गेली,
बोंडू वेचताना मानेला गोचीड लागली, तेवढ्याने.
म्हणून आला.

मी कागदावर बोट ठेवून सांगत होते:
एक विषाणू आहे, आतून रिकामा केलेला.
त्यात दुसरा धडा भरलाय.
तुमच्या दंडातल्या पेशी तो गिरवतील,
आणि तापाला अडवणारी प्रतिपिंडं
करत राहतील, वर्षानुवर्षं.

"म्हणजे टरफल जुनं, गर दुसरा."
हो, म्हटलं.
त्याने हात पुढे केले.
पेरापेरांवर काजूच्या तेलाने
उललेली काळी कातडी.
"गर कोणाला भाजत नाही, बाय.
भाजतं ते टरफल."

संमतीपत्राच्या सव्वीस पानांत
हे इतकं सरळ कुठेच नव्हतं.

सतराव्या पानावर एवढंच होतं:
एकदा दिलेलं परत काढता येत नाही.
तिथे तो थांबला. पाणी मागितलं.
मग सही. मळीकमधला ळ केवढा मोठा.

पहिल्या आठवड्यात दंड दुखला.
चौथ्यात प्रतिपिंडं दिसली, आम्ही चहा मागवला.
सहाव्यात यकृताचा आकडा
अडतीसवरून एकशे नव्वद.

दिवस चैत्राचे. सत्तरीत भट्ट्या पेटलेल्या,
रानभर हुर्राकाचा वास.
आणि खोलीत आम्ही चौघं,
डॉक्टर आफोंसो, आकडेमोडीचे कुडचडकर,
कंपनीकडून आलेली नीरजा, मी,
एकमेकांकडे न बघता
एकच इच्छा धरून बसलेलो:
हा प्यालेला असू दे.
एक पेला. मीठ-लिंबू, वर हिरवी मिरची चिरलेली.
म्हणजे औषध सुटलं.
म्हणजे पाच खाटा भरता येतील.

विचारायचं काम माझं.

"तोंडाक लावंक ना," सुकडो म्हणाला.
मग जरा वेळाने: भावाच्या भट्टीपाशी बसलो होतो,
वास घेतला. तोही लिहायचा का?

मी लिहिला तोही.
आणि खालच्या रकान्यात,
औषधाशी संबंध: संभवतो.
नीरजा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

गोळ्या सुरू झाल्या. आकडा उतरतो आहे,
फार हळू, ओहोटीला चिखल दिसावा तसा.
दर मंगळवारी वाळपईच्या बसने तो येतो,
दंड पुढे करतो, मी शीर शोधते.

काल विचारलं त्याने, दुसरा कोण येणार?
ठरलं नाही अजून. मात्रा मात्र निम्मी असेल.
"माझ्यामुळे?"
तुमच्यामुळे.

काही बोलला नाही.
पाय वर घेऊन बसला.