कर्णापासून दूर

रात्री दीडला सर्व्हरचा पंखा घोगरा झाला
म्हणजे चौदावं गुणसूत्र सुरू.
पडद्यावर चौकोन, पांढऱ्यावर लाल,
मधून तिरपा कर्ण धगधगता.
त्याचं कौतुक नाही.
बाजवाड्यातली शेजारीण शेजारणीकडे विरजण मागते,
ही काय बातमी?
तीच बाई मंगळवारी, शुक्रवारी, परत मंगळवारी
छाणीच्या नाक्यावर उभी दिसली
तर थांबायचं.

प्रोग्रॅम एवढंच विचारतो:
इतक्या अंतरावरचे योगायोगाने किती भेटले असते,
आणि हे भेटले किती.
वजाबाकी मी लिहिलीय. उंबरठा जिगीषाने ठरवला,
माझ्याहून कडक.

सकाळपर्यंत चारशे बारा ठिपके.
एक फार दूरचा:
अठ्ठेचाळीस लाख अक्षरांपलीकडून
दोरा वळून आलाय, जनुकाला टेकलाय,
आणि फॉर्मलिनने दोघांना पकडलंय
तसंच, कानाशी लागलेलं.

वहीत तारीख टाकली, खाली दोनदा रेघ ओढली.
आईला फोन केला,
नुसतं म्हटलं, आज जेवायला उशीर.

अकराला जिगीषा आली, दुसरा नमुना चढवला.
ठिपका नाही.
"रिपीट असेल," ती म्हणाली,
"तुकडा भलत्याच पत्त्यावर चिकटला."
बरोबर आहे तिचं. ती नेहमी चहा संपवून बोलते.

यादीत चारशे अकरा.

संध्याकाळी विश्वामित्रीच्या पुलावर गर्दी,
सगळे बोट दाखवतायत: मगर, मगर.
मला ओंडका दिसला.
तरी स्कूटर बाजूला लावली
आणि बराच वेळ
तो हलतो का बघत राहिले.