एक कोपरा शेळीने खाल्ला

लोडवारच्या कोर्टाला पायरी एकच,
तीही अर्धा दिवस वाळूखाली.
शहाण्याने चढू नये म्हणतात ती.
मी साडेसातला झाडूने मोकळी करते, चढते,
आणि महिनाअखेर पगार घेऊन उतरते.

नोकरी सापडली ती शेळीमुळे.
तेव्हा मी तळ्यावरून येणाऱ्या सुक्या मासळीचा हिशेब लिहायचे,
पोती किती, भिजकी किती, किती वाटेतच आटली.
कोर्टाच्या फळ्यावर कागद डकवलेला,
उन्हाने पिवळा, खालचा कोपरा खाल्लेला.
हवी आहे: रजिस्ट्रीत कारकून.
शेवटची तारीख शेळीच्या पोटात.
म्हणून आत जाऊन विचारलं.
दोऱ्याने बांधलेला चष्मा वर करून कालोंडूबाई म्हणाल्या,
"उद्या.
विचारणारी तू पहिलीच.
बाकीचे शेळीला शिव्या देऊन परत गेले."

टायपिंगसाठी पुठ्ठ्यावर कीबोर्ड आखला,
साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा.
रात्री बोटांना साबणाचा वास.
एक अक्षर नेमकं घडीवर यायचं,
ते आजही माझ्याकडून चुकतं.

मुलाखत कितालेला, बसने नऊ तास,
केसांत रस्त्याची धूळ तशीच.
टेबलापलीकडे तिघं.
एकाने विचारलं: दोन माणसं, नाव एकच,
तारीख एकच. हाक कशी माराल?
म्हटलं, बापाचं नाव लावीन.
तेही एकच निघालं तर?
तर बैलाचं.
आमच्याकडे पुरुषाला लाडक्या बैलाचं नाव असतं, साहेब,
कागदावर नसतं, पण हाक तीच.
दोघं हसले.
तिसऱ्या बाईंनी खाली मान घालून काहीतरी लिहून घेतलं.

हे मात्र सांगितलं नाही तिथे:
मी नऊ वर्षांची असताना
अकरा गाढवांच्या दाव्यासाठी बाप दोन दिवस चालत इथे आला होता,
मी मागे, डोक्यावर पाण्याचा डबा.
खिडकीतून आवाज आला, फाईल सापडत नाही.
असं तीनदा.
चौथ्या तारखेला तो उठलाच नाही स्टुलावरून.

कालोंडूबाई शिकवतात:
शिक्का आधी रद्दीवर उठवून बघ, उन्हात शाई दाटते.
सल्ला द्यायचा नाही, रस्ता सांगायचा.
न्याय आत मिळतो किंवा मिळत नाही,
आपल्या खिडकीत तारीख, खोली, पावती.
आणि सापडत नाही असं म्हणायचंच असेल
तर आधी उठून शोधायचं,
बसल्या जागेवरून नाही म्हणायचं.

एक म्हातारी विचारते, पोरी, जिंकेन ना मी?
मी म्हणते, खोली दोन, नऊ वाजता.
ती माझ्या तोंडाकडे बघत राहते.
हे अजून जमत नाही मला.

मार्चमध्ये मागची खोली आवरायला काढली.
वाळवी, पालीची अंडी, नाडीने बांधलेले गठ्ठे.
अ-च्या गठ्ठ्यात एक फाईल: अपालोरेंग,
तांबड्या बैलाचा बाप.
वहीत त्याचं कागदावरचं नाव, फाईलवर हाकेचं.
दोघांची गाठ कुणी घातलीच नाही
सतरा वर्षं.

हात लावला आणि काढून घेतला.
कालोंडूबाईंना म्हटलं, ही माझ्या बापाची,
नोंद तुम्ही करा.
त्यांनी चष्मा पुसला, वही उघडली,
शिक्का आधी रद्दीवर उठवला.
तारीख पडली.

रविवारी घरी गेले, सांगितलं.
बाप काठीने जमिनीवर रेघा ओढत होता.
"गाढवं मेली सगळी," म्हणाला,
"तोही मेला, चोरणारा."
मी चहा ठेवला.
तो कितीतरी वेळ गप्प.
मग काठी थांबवून:
"किती वाजता म्हणालीस?"