डावी अर्धा इंच बुटकी

धारूरच्या घाटात तिसऱ्या वळणाला
मागचा एक्सल रबरावर आपटतो,
धाडकन,
लसींच्या पेटीत बर्फ खुळखुळतो
आणि माझे दात एकमेकांना भेटतात.

उन्हाळ्यापासून हे चाललंय.
म्हणून आज बीड, जिलानी मिस्त्रींचं गॅरेज.

त्यांचा भाचा अर्शद मोबाइलवर दाखवतो
लाल पट्ट्याची स्प्रिंग, सगळ्यात कडक,
गाडी दोन इंच वर.
"मॅडम, दगडावरून अशी जाईल
जशी पाल भिंतीवरून."
मला पटतं. कडक काहीतरी हवंच होतं.
चारशे शेळ्या, सहा वस्त्या, एकटी मी.

जिलानीचाचा बशीतला चहा फुंकतात.
"पहिले काट्यावर जाऊन या.
पुढचं वेगळं, मागचं वेगळं.
भरून एकदा. खाली एकदा."

जिनिंगच्या वजनकाट्यावर
सरकीच्या दोन ट्रकांमध्ये माझी फोर बाय फोर,
मोठ्यांच्या पंगतीत बसवलेल्या पोरासारखी.
पुढची चाकं लोखंडावर, मागची मातीत,
मग उलटं.
काटेवाला विचारतो, "माल काय?"
"लस."
"किती क्विंटल?"
तो हसत नाही. चिठ्ठी फाडून देतो.

चाचा चिठ्ठ्या उन्हात धरून वाचतात.
"जाताना दीडशे किलो माल. येताना?"
येताना रिकाम्या कुप्या, बर्फाचं पाणी,
सीटला चिकटलेला बकऱ्यांचा वास.
"वासाला स्प्रिंग लागत नाही, मॅडम.
लाल टाकली तर जाताना मजा
आणि येताना मणक्याचा भुगा.
रोजचं वजन बघून घ्यायची.
ईदेला पाहुणे आले म्हणून
कुणी घर वाढवत नाही."

मग जुना शॉक माझ्या हातात देतात,
तेलानं माखलेला.
"दाबा."
दाबला. गेला आत, कुणी अडवलंच नाही.
सोडला, तर आतच राहिला.
"स्प्रिंग धक्का घेते, पण घेऊन डोलत बसते.
तिला गप करायचं काम याचं.
हा मेलाय कधीचा. हा कडक घ्या,
स्प्रिंग मधली, पिवळ्या पट्ट्याची."

अर्शदचा चेहरा पडतो.

जुन्या दोन्ही स्प्रिंगा फरशीवर उभ्या,
शेजारी शेजारी, गंजलेल्या, चिखलानं जाडावलेल्या.
चाचा वर पट्टी आडवी ठेवतात.
पट्टी कलते.
"डावी अर्धा इंच बुटकी.
मागं डावीकडं कोण बसतं?"

आश्रुबा.

अकरा वर्षं.
पेटी गुडघ्यांत धरून, नव्वद किलो,
भिजलेल्या घोंगडीसकट जास्तच.
"बाई, उजवीकडं धोंडा."
"बाई, आता खड्डा," म्हणायचा
आणि खड्ड्याआधी सीटवरून उठून उभा राहायचा,
वाकून, डोकं टपाला टेकवून,
गाडीला हलकं वाटावं म्हणून.
एकतीस मेला रिटायर झाला.
मी त्याला शाल दिली, नारळ दिला,
आणि एक जूनपासून समजत होते
की स्प्रिंगा बसल्या.

"कोण बसतं?" चाचा परत विचारतात.
"आता कोणी नाही," मी म्हणते.
ते पट्टी पुसून खिशात ठेवतात.

पिवळा पट्टा. कडक शॉक.
बिल एकोणीस हजार, चहा त्यातच.
"जुन्या भंगारात टाकू?"
"डावी राहू द्या."

तिसरं वळण. खड्डा दिसला उशिराच.
गाडी खाली बसली, उठली, आणि थांबली.
एकदाच.
बर्फसुद्धा बोलला नाही.

केजच्या अलीकडे त्याच्या वस्तीवर उतरले.
स्प्रिंग अंगणात ठेवली.
"ह्ये काय आनलं बाई? रांजनाखाली लावू?"
"लावा की."
त्यानं भोवती एक चक्कर मारली,
वरच्या वेटोळ्यावर फळी टाकली,
सुनेला हाक मारली, बघ म्हणून,
आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवून
जपून बसला.

दोन बोटं दबली.
"अजून हाये की जीव," म्हणाला,
आणि उठायच्या आधी, सवयीनं,
समोरच्या वाटेवर खड्डा शोधला.