बॉनेट गार असताना

त्या दिवशी बॉनेट गरम होतं.
मी हात लावला होता, आठवतंय मला,
आणि इरेश म्हणाला होता, ताई, मे महिना आहे,
होटगी रोडला दुपारी दोन वाजता
कुठलं लोखंड गार असतं सांगा.
मी हसले. खरंच होतं ते.
डॉक्टरची गाडी, फर्स्ट ओनर,
एमएच चोवीस, उदगीरची,
डॅशबोर्डवर डिंकानं चिकटवलेला नंदी.
एक लाख पासष्ट हजार,
त्यातले साठ बचत गटाचे.

आठवड्यानं कळलं,
सकाळी सहाला ती बोलते.
टिक टिक टिक टिक,
वरच्या मजल्यावर कुणी सुपारी कातरत बसावं तशी.
दोन मिनिटांत गप्प होते
आणि मग दिवसभर शहाण्यासारखी
गणवेशाचे गठ्ठे घेऊन बार्शी करते, इंडी करते, उमरगा करते,
निळे पिनाफोर, सव्वीस ते चौतीस साइझ.
डिपस्टिक काढावी तर तेल कमी.
खाली फरशीवर डाग नाही.
मग जातं कुठं?
पुलाच्या चढावर मागच्या रिक्षावाल्यानं
हॉर्न देऊन थांबवलं,
धूर निळा सोडालीय की ओ तुमची गाडी.

रात्री जाग येते.
लग्न ठरवताना मध्यस्थानं
मुलाबद्दल एक वाक्य गिळलं असावं
आणि ते कुठलं, हे आता
आपलं आपणच शोधायचं,
तसं काहीतरी.

अक्कलकोट रोडला दस्तगीरनं लांब स्क्रूड्रायव्हर
इंजिनाला टेकवला, मूठ कानाला.
टॅपेट है तो सस्ता, रिंग है तो खोलना पडता.
किती?
खोलने के बाद बोलता.

नायना टायरवर बसला होता.
बत्तीस वर्षं जॉबर, एका पत्र्याखाली चोवीस माग,
कान तिथंच ठेवून आला.
उठला, स्क्रूड्रायव्हर मागून घेतला,
टोक इंजिनावर,
आणि मूठ दातांत धरली.
डोळे मिटले.
गॅरेजमधली पोरं हसायला लागली, मग राहिली.
बराच वेळ.
नालुगु, म्हणाला नायना, चार बोटं दाखवून,
आणि तळवा असा हलवला,
धोटा पेटीत नीट बसत नसला की हलवायचा तसा.

चौथा प्लग काढला तर काळा, ओला,
बोटाला तेल.
चाचा को भेजो मेरे पास, दिन का चारसौ देता.
नायनाला ऐकू गेलं नाही.
मी त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं.
पाचशे, म्हणाला.

काम अडतीस हजारांचं.
इरेशनं चौथ्यांदा फोन उचलला.
सेकंडहँड आहे ताई, कोरी कशी असेल?
मग आवाज खाली आणून,
आपल्या माणसाला सांगावं तसं,
विकायचीच असली तर दुपारी दाखवा.

मोहोळचे एक मास्तर यायचे होते.
दुपारी येतो म्हणाले. दुपारी सोपं पडेल.
मी फोन हातात धरून बसले थोडा वेळ.
शिलाईचं मशीन चालू होतं, सुई नुसतीच वरखाली,
खाली कापड नाही.

सकाळी सहाला या, म्हणाले मी.

रात्री गाडी कडुलिंबाखाली लावली.
पहाटे बॉनेटवर पानं पडलेली, झाडली नाहीत.
मास्तर आले, स्वेटर घातलेली बायको,
झोप न झालेली पोरगी.
आधी हात लावून बघा, म्हणाले,
मग चावी फिरवा.

टिक टिक टिक टिक.

पोरगी म्हणाली, आत घड्याळ आहे का?
मास्तर माझ्याकडं बघत राहिले,
मीही बघितलं, मान खाली न घालता,
नायना लांब ओट्यावर चहा फुंकत.
दोन मिनिटांनी ती गप्प झाली.
मग आम्ही बोलायला लागलो.