पडद्यावरचं तळं

कुओपिओपासून तासभरावर आमचं गाव.
तिथं स्टुडिओत एक तळं होतं, तीन मीटर बाय चार.
बाबांनी ते एका हिवाळ्यात रंगवलं,
बोटीला लावून उरलेल्या रंगातून,
म्हणून पाणी जरा जास्तच हिरवं.
आणि सगळ्या बर्चांची सावली एकाच बाजूला,
कारण दिवा एकच होता.

त्या तळ्याकाठी बसून गेलं अर्धं गाव.
बाप्तिस्म्याची बाळं, सैन्यात निघालेली पोरं,
पेसोनेनांच्या सात मुली, उंचीनं ओळीत,
मधली रुसलेली.
"हलू नका," बाबा म्हणायचे,
आणि मुली श्वाससुद्धा दाबून धरायच्या.

खरं तळं दोनशे पावलांवर होतं.
त्यात मासे धरायचे, उन्हाळ्यात गालिचे घासायचे.
त्याच्यासमोर उभं राहून फोटो?
फोटो म्हणजे इस्त्री. फोटो म्हणजे ओला भांग
आणि बुटांना थुंकी लावून चकाकी.

मग केव्हातरी फोनवरचे आवाज बदलले.
"स्टुडिओ नको हो, तिथं आम्ही खांबासारखे दिसतो.
आम्ही जसे आहोत तसे हवेत."
जसे आहोत तसे, म्हणजे
पाचही जणांना ओटच्या रंगाचे स्वेटर,
कालच विकत घेतलेले,
आणि कुत्र्याला त्याच रंगाचा रुमाल.

मी निघाले. गुडघ्यापर्यंत बूट, खिशात डासांचं तेल.
उतरत्या उन्हाचा तो मधाळ तास
आमच्याकडे जूनमध्ये संपता संपत नाही
आणि नोव्हेंबरात महिनाभर फिरकत नाही.
"माझ्याकडे बघू नका," मी ओरडायची,
"चाला! बापाला ढकला! हसा कशालाही!"
बाबा असते तर
कॅमेऱ्यावरचं काळं फडकं डोक्यावर ओढून
बाहेरच आले नसते.

स्टुडिओचं भाडं दोन वर्षं सोसलं.
तिसऱ्या वर्षी जागा नखं रंगवणाऱ्या मुलीला गेली
आणि पडदा रेइयोला.
त्याला बोटीवर घालायला काहीतरी हवं होतं.
पाच हिवाळे तळं
तळ्याच्या काठावर पालथं पडून राहिलं,
पोटाशी बोट, पाठीवर बर्फ.
मी त्या वाटेनं जाणं टाळलं.

या मार्चमध्ये विल्याचा फोन.
रुसलेल्या मधलीची नात.
"मागच्या वेळचे चारशे फोटो आहेत,
चारशेही आभाळ सुंदर.
सगळे डोळे उघडे असलेला एकही नाही.
बाळ वाऱ्यानं निळं पडलेलं.
आणि आजी गाडीतून उतरलीच नाही.
तुमच्याकडे ते तळं आहे का अजून?
हिरवं?"

घसरगाडी घेऊन रेइयोकडे गेले.
कुदळीनं बर्फ फोडला, पडदा सोडवला.
पलीकडच्या काठावर उंदरानं घर केलेलं, मुठीएवढं भोक.
आभाळभर बुरशी.
बाबांनी ढग काढले नव्हते,
पांढरा रंग संपला होता म्हणून.
ते काम असं पुरं झालं.

टांगायला जागा फक्त
अग्निशमन दलाच्या गॅरेजात मिळाली, रविवारपुरती.
सगळे आले. इस्त्री करून आले!
आजी मधोमध खुर्चीत,
कॉलर सारखी करून घेतलेली, ओठ तसेच.
पडद्याकडे बघून एवढंच म्हणाली,
"पाणी उतरलं की याचं."

मी बटणावर बोट ठेवलं
आणि तोंडात शब्दच येईना,
हला म्हणू की हलू नका.
तेवढ्यात चार वर्षांच्या ओनीनं
उंदराच्या भोकात हात घातला.
"तिकडे काय आहे?"
"बंब," मी म्हणाले. "लाल, खराखुरा."

झालं. सगळे वळले,
स्वेटर, मानेच्या मागच्या बटा, बाळाचे पाय,
कुणाचं कोपर कुणाच्या कानात.

मधली तेवढी हलली नाही.
तिला बाबांनी सांगितलं होतं.