सहाव्याची जागा

वही घेऊन आलेल्या लंडनच्या साहेबाला
बापाने आधी विचारलं, पेला कोण भरणार.
मग गुडघा चोळत बाकावर टेकला:

पाद्री म्हणतो, हा नाच मूर लोकांचा.
त्याच्या आधीचा पाद्री म्हणायचा, सैतानाचा.
मास्तरीणबाई म्हणतात, असे पाय आपटले की
जमीन जागी होते, गहू उंच वाढतो.
चाळीस वर्षं आपटले मी.
गहू वाढायचा तेव्हा वाढला.

माझा बाप गवंडी होता.
दगड गोठला की भिंत बंद, भिंत बंद की चूल.
मग नडगीला घुंगरं बांधून
सहा जण हवेलीच्या फाटकासमोर नाचायचे.
शेवटी टोपी फिरायची.
टोपीचंही लिही.

साहेबाने लिहिलं: मूळ अज्ञात.
पेन्सिलीला टोक काढलं.
आणि हे पांढरे रुमाल कशासाठी?

रिकाम्या हातांचं काय करायचं
ते माणसाला कळत नाही, साहेब.

मी दारात मटार सोलत होते.
साहेब म्हणाला, एकदा बघायला मिळेल?

लढाईनंतरचा पहिला मे. कसेबसे पाच जमले:
बाप, ऑबेड काका, टर्व्हीची दोन पोरं,
आणि फ्रान्सात एक पाय अर्धा ठेवून आलेला पोस्टमन.
जेथ्रोने कॉन्सर्टिना उघडली.
काठ्या उचलल्या,
टक्, टक्,
आणि तिसऱ्या जागी काहीच नाही.
ऑबेड काकाची काठी हवेतून तशीच खाली आली.
तिथे सायलस असायचा. माझा भाऊ.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच.
साहेब बुटांकडे बघत राहिला.

बायकांनी नाचायचं नसतं.
पण कुंपणाआडून बघायला कुणी मनाई केली नव्हती,
आणि रात्री गोठ्यात, गाईंसमोर,
सायलसची प्रत्येक उडी मी मारून पाहिली होती.

मटारांचं टोपलं खाली ठेवलं.
बाप काही बोलला नाही.
आत गेला, बिस्किटांचा डबा घेऊन आला.
घुंगरांत उंदराने लोकर भरली होती, ती काडीने काढली.
पट्टा माझ्या पायाला सैल.
उंबऱ्यावर ठेवून त्याने खिळा ठोकला,
दोन घाव,
आणि स्वतः वाकून बांधला.

वहीत पुढे काय लिहिलं, ठाऊक नाही.
पट्टा माझ्याकडे आहे.
सायलसचं भोक रुंद, झिजून गुळगुळीत.
त्याच्या आत दोन बोटांवर माझं,
कडा अजून खरखरीत.