अकरा मिनिटं

ग्लेनिस प्रॉसर मॅनेजर म्हणून आल्या त्या आठवड्यात
नऊ नंबरची खोली रिकामीच होती.
खाडीवरून वारा सुटलेला, रात्रीचे तीन.
त्या तिथे जाऊन आडव्या झाल्या,
बूट काढून, चष्मा काढून,
आणि घंटीचं बटण दाबलं.

मी पोचले अकरा मिनिटांनी.
दिवा लावला, तर पलंगावर बाईसाहेब!
मला दरदरून घाम फुटला.
त्या एवढंच म्हणाल्या,
"बस, नेरिस. छतावरचा तो ओलीचा डाग बघ.
सहाव्या मिनिटाला तो हलायला लागतो."

कुणाला बोल लावला नाही.
सकाळी स्वतःचं टेबल ओढत
जिन्याखाली, बोळात आणलं.
ऑफिसात आता चादरी असतात.
रात्रपाळीला तिसरं माणूस आलं,
त्यासाठी मालकांशी फोनवर जी खडाजंगी झाली
ती अख्ख्या मजल्याने ऐकली;
ठार बहिऱ्या मिसेस पेनरीसुद्धा
दिवसभर गालात हसत होत्या.

मार्चमध्ये तपासणीवाले आले.
फायली चाळल्या, सूप चाखलं,
फ्रिजचं तापमान लिहून घेतलं.
मग इडवालच्या खुर्चीपाशी वाकून, मोठ्याने:
"इथला कारभार कसा वाटतो तुम्हाला?"

चाळीस वर्षं पाटीच्या खाणीत काढलेला माणूस,
बोलायचा कंटाळा.
त्याने बटण दाबलं
आणि दाराकडे बघत
बोटांवर मोजू लागला.

त्या हाताला तीनच बोटं उरलीत त्याच्या.

पुरली.